हॉलमधल्या फिशटँकचा उजेड बाबांच्या डोळ्यांवर येतो, काय करता येईल?

कोलशेतकर

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर ठाण्यात, कोलशेत रोडला, वन बीएचके. बेडरूममध्ये मी, बायको आणि मुलगी. बाबा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. दिवाणासमोरच्या भिंतीला माझा टँक आहे. तीन फुटी, ३६ × १८ × १८ इंच, वरून उघडा. स्टँड ३० इंच उंच. प्लांटेड आहे, म्हणजे आत खरी झाडं, त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलेला आहे. रोटाला, क्रिप्टो, पुढे मोंटे कार्लो या बुटक्या झाडाचा गालिचा. मासे थोडेच, निऑन टेट्रा आणि कोरी. एलईडी लाइट स्लॅबमधून दोन तारांवर टांगलाय, पाण्यापासून बरोबर १२ इंच वर. रुंदी आठ इंच आहे त्याची.

मी कामावरून घरी पोचतो सव्वानऊला. बाबा नऊला आडवे होतात, पहाटे साडेचारला उठतात. लाइटचा टायमर साडेदहाला बंद होतो. गेली दोन वर्षं हे असंच चाललंय आणि घरात कुणी काही बोललं नाही.

मागच्या आठवड्यात आलो तर बाबा पंचाची घडी डोळ्यांवर ठेवून झोपलेले. उशीही दाराच्या टोकाला नेलेली, जिथे पंख्याचा वारा लागत नाही. सकाळी विचारलं, बाबा, लाइटचा त्रास होतो का? म्हणाले, "छे, आता सवय झाली." सवय झाली म्हणजे त्रास होत होता. ते वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

टँक हलवायला दुसरी जागा नाही. मोडायचा नाही, कारण बाबांनाही तो आवडतो, सकाळी खाणं तेच घालतात. मला घरी आल्यावर अर्धा तास तरी टँकसमोर बसायचं असतं. झाडं नीट राहून हॉलमधला उजेड कमी कसा करायचा? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

शेवाळी

आधी एक सांगा, लाइट चालू किती वाजता होतो?

कोलशेतकर

दुपारी एकला. म्हणजे साडेनऊ तास.

शेवाळी

मग पहिली दुरुस्ती तिथेच. कार्बन डायऑक्साइड असलेल्या टँकला सहा ते आठ तास भरपूर होतात. साडेनऊ तासांत झाडं जास्त वाढत नाहीत, शेवाळ मात्र वाढतं. काचेवर हिरवे टणक ठिपके येतात का? ब्लेडने खरवडावे लागतात असे?

कोलशेतकर

येतात. दर रविवारी खरवडतो. खतामुळे असेल असं वाटत होतं.

शेवाळी

खताचाही वाटा असतो, पण आधी तास कमी करून बघा. दुपारी दीड ते साडेआठ, पूर्ण उजेड सात तास. त्यानंतर लाइटला डिमर असेल तर अर्ध्या तासात हळूहळू उतरवत दहा टक्क्यांवर आणा आणि दहापर्यंत तसाच ठेवा. तुम्हाला मासे दिसतील, झाडांच्या दृष्टीने तो दिवस संपलेला असेल. गॅसची वेळही सरकवा. लाइट लागायच्या तास-दीड तास आधी सुरू, पूर्ण उजेड संपायच्या तासभर आधी बंद.

टायमर चकतीवाला, कर्रकर्र फिरणारा असेल तर डिजिटल घ्या. चकतीवाला वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. पावसाळ्यात आमच्याकडे कळव्याला दोन-तीनदा लाइट गेली की रात्री साडेआठला बंद होणारा दिवा दहापर्यंत चालू असायचा, आणि मला महिनाभर कळलं नव्हतं.

एकदम उजेड लागणं-जाणं माशांनाही चांगलं नाही. त्यांना पापण्या नसतात. अंधारात खाडकन दिवा लागला की टेट्रा काचेवर आपटतात, काही उडी मारून बाहेर पडतात. उघड्या टँकला तर जास्तच.

खाडीकाठ

वेळेचं पटलं. पण साडेआठच्या आधीही बाबा हॉलमध्ये बसतच असणार ना? जेवतात, बातम्या बघतात. लाइट खाली घ्या. १२ इंचांवरून ६ इंचांवर आणा आणि जोर कमी करा. उजेड पाण्यात जाईल, हॉलमध्ये नाही.

शेवाळी

असं केलं की मधोमध झगझगाट आणि कोपरे काळे, असं होतं. सहा इंचांवर उजेड पसरायला जागाच मिळत नाही. पुढचा गालिचा मधेच दाट आणि टोकांना विरळ होईल. शिवाय लाइट सहा इंचांवर असेल तर दर छाटणीला वर उचलून बांधावा लागेल. मी हे करून परत वर नेलाय.

खाडीकाठ

तुझं खरं असेल. माझा टँक दीड फुटी आहे, तिथे चाललं. तीन फुटीचा अनुभव नाही.

पण एक आठवण सांगतो, कारण माझ्या मते इथे ती लागू पडते. लहानपणी वडील मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, १९५१ सालचं ते. आत शिरलं की अंधार, आणि भिंतीत उजळलेल्या काचा. मला मासे लख्ख आठवतात, दिवा एकही आठवत नाही. दिवे होतेच, पण बघणाऱ्याच्या नजरेच्या वाटेत नव्हते. घरी आपण नेमकं उलटं करतो. उघडा टँक छान दिसतो म्हणून झाकण काढतो आणि दिवा डोळ्यांसमोर टांगतो.

उन्हाची तिरीप

पाण्यावर तरंगणारी झाडं टाका. साल्विनिया, वॉटर लेट्यूस. आठवड्यात पसरतात, उजेड आपोआप कमी होतो. फुकट उपाय.

नौपाड्याचे मास्तर

ताई, त्याने पाण्यातला उजेड कमी होईल, हॉलमधला नाही. खालच्या रोटालाला फटका बसेल आणि बाबांच्या डोळ्यांत जाणारा उजेड जवळपास तेवढाच राहील. का ते सांगतो. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आपल्याला वाटतं की टँकचा उजेड पुढच्या काचेतून हॉलमध्ये येतो. वरून पाण्यात शिरलेला किरण पुढच्या काचेतून सरळ बाहेर पडणं फार कठीण असतं. हवेतून पाण्यात शिरताना किरण उभ्या रेषेकडे वाकतो. कितीही तिरपा आला तरी पाण्यात गेल्यावर उभ्या रेषेपासून त्याचा कल साधारण ४९ अंशांच्या पलीकडे जात नाही. आता तोच किरण उभ्या काचेवर आदळतो. तिथून बाहेर पडायचं तर त्याचा कल उभ्या रेषेपासून ४१ अंशांपेक्षा जास्त हवा, नाहीतर तो आरशावरून यावा तसा पूर्ण परत फिरतो. म्हणजे ४१ ते ४९ एवढ्या चिंचोळ्या फटीतले किरणच बाहेर पडू शकतात, आणि ते म्हणजे हवेतून ६२ अंशांपेक्षा जास्त तिरपे आलेले. कोलशेतकरांचा लाइट टँकच्या बरोबर वर, १२ इंचांवर आहे. लाइटच्या मागच्या कडेचा किरण समोरच्या काठाकडे सरळ गेला तरी ४७-४८ अंशच तिरपा होतो. म्हणजे तो पुढच्या काचेतून थेट बाहेर येत नाही.

पटत नसेल तर टँकसमोर खाली बसा आणि काचेतून वर पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. दिवा दिसणार नाही, चंदेरी आरसा दिसेल आणि त्यात झाडं उलटी दिसतील. तेच तत्त्व, उलट्या दिशेने.

मग काचेतून येतं ते काय? वाळू, पानं, मासे यांच्यावर पडून विखुरलेला उजेड. तो मऊ असतो, आणि तोच तर आपल्याला बघायचा असतो. डोळ्यांत खुपतो तो उजेड येतो पाण्याचा काठ आणि दिवा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून. तुमच्याकडे ती जागा १२ इंचांची आहे. पाण्यात काहीही वाढवलं तरी ती झाकली जात नाही.

खात्री करायला आज रात्री एक करा. घरातल्या कुणाला तरी वर्तमानपत्राचं पान त्या मोकळ्या जागेपुढे धरायला सांगा आणि तुम्ही बाबांच्या उशीवर डोकं ठेवून बघा.

मग शिवणकामाचा दोरा घ्या. एक टोक लाइटच्या सगळ्यात मागच्या एलईडीपाशी धरा, दुसरं बाबांचे डोळे असतात त्या जागी. दोरा ताणा. लाइटच्या पुढच्या कडेपाशी तो किती इंच खाली येतो ते मोजा. पुढच्या कडेला तेवढीच पट्टी खाली सोडली की काम झालं. अंदाजाने पेटी बनवू नका, उगाच मोठी होते.

खाडीकाठ

मास्तर, हे काचेचं आज पहिल्यांदा कळलं. आत्ता खाली बसून बघितलं. खरंच आरसा.

कोलशेतकर

मास्तर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. काल रात्री मुलीच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि मी बाबांच्या दिवाणावर आडवा झालो.

दोन वर्षांत मी तिथे एकदाही आडवा झालो नव्हतो. वेल्डिंगकडे बघावं तसं वाटलं. एलईडीचा एकेक ठिपका सुटा दिसत होता. मुलीने पान धरलं आणि सगळं शांत झालं. टँक तसाच उजळलेला, उलट जास्त सुंदर, आणि डोळ्यांवर काही नाही.

मग लक्षात आलं की मला हे कधी दिसलंच का नाही. लाइटची खालची बाजू जमिनीपासून ६० इंचांवर आहे. मी उभा राहिलो की माझे डोळे त्याच्या थोडे वरच असतात. मला लाइटची फक्त काळी पाठ दिसते. टँक मी कायम उभ्यानेच बघितला, बसलो तरी बुटक्या स्टुलावर काचेला नाक लावून, पाण्याच्या पातळीच्या खाली. बाबांच्या जागेवरून कधी बघितलाच नाही.

दोऱ्याचं माप: बाबांची उशी जमिनीपासून दोन फूट, लाइटपासून साडेसात फुटांवर. पुढच्या कडेपाशी दोरा तीन इंचांहून जरासा खाली आला. म्हणजे चार इंचांची पट्टी पुरेल?

नौपाड्याचे मास्तर

पुरेल. चारच ठेवा, बाबा कूस बदलतील, उशी सरकेल. पण मुलगी टँकच्या अगदी जवळ जमिनीवर बसली तर तिला दिवा दिसेलच. तिथून नजर फार चढी जाते, त्यासाठी सात-आठ इंच लागतील. ती जागा कायमची नसेल तर मनावर घेऊ नका.

झाडांचं विचारणार असाल तर तेही तपासलं. मागच्या एलईडीपासून टँकच्या पुढच्या काठापर्यंत रेघ मारली तर ती लाइटच्या पुढच्या कडेपाशी सात इंचांहून जास्त खाली असते. चार इंचांची पट्टी त्या रेघेच्या वरच राहते. अगदी पुढच्या रांगेतले एलईडी तेवढे थोडे अडतील. पट्टी आतून पांढरी ठेवलीत तर तो उजेडही परत पाण्याकडे जाईल.

सुतारकाम

मी बाळकुमला फर्निचर करतो, माशांचा शौक आहे. दोन गोष्टी सांगतो.

प्लाय वापरू नका. मरीन प्लाय म्हणून कुणी दिला तरी नको. पाण्यावर रोज वाफ येते, कडा एका पावसाळ्यात फुगतात. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, घ्या, फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे मिळतो, कटरने कापला जातो. मजबूत हवं असेल तर डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड. कोपऱ्यांना अर्ध्या इंचाची ॲल्युमिनियमची एल-पट्टी. लाइटला स्क्रू मारू नका, वॉरंटी जाते आणि आत पाणी शिरायला वाट होते. वरून दोन आडव्या पट्ट्या टाकून त्यांना टांगा.

दुसरं, वरची बाजू बंद करायची नाही. एलईडीची उष्णता त्याच्या ॲल्युमिनियमच्या पाठीतून जाते. पाठ झाकली की लाइटचं आयुष्य कमी होतं. फक्त कडेने झालर.

आणि तारा स्लॅबलाच आहेत ना? पीओपीच्या छताला हूक मारलेले बघितलेत मी. ते वजन पीओपी धरत नाही, आणि खाली पाणी आहे.

कोलशेतकर

स्लॅबला आहेत, अँकर मारून. वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ दिलाय, म्हणजे थेंब घरंगळत आला तरी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. वीज गळली की लगेच बंद करणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे.

सुतारकाम

उत्तम. मग निर्धास्त करा.

कोपरखैरण्याहून

माझी गोष्ट वेगळी आहे, पण इथे लिहावीशी वाटली. आमची एकच खोली, सिडकोच्या जुन्या वसाहतीतली. आम्ही चौघं जमिनीवर गाद्या टाकून झोपतो आणि टँक पायथ्याशी. दोरा लावून बघितला, तर आमच्यासाठी पट्टी जवळजवळ पाण्याच्या काठापर्यंत यायला हवी. म्हणजे झालर चालणार नाही, पेटीच करावी लागेल.

आणि आमचा टँक साधा आहे. गप्पी, जावा मॉस, अनुबियास. एवढा उजेड मुळात लागतच नाही त्याला. दोन फुटी टँकवर मी तीन फुटीचा लाइट लावलाय, कारण दुकानात तोच होता. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच काचेच्या बाहेर. तो उजेड माशांसाठी नाहीच, थेट भिंतीवर आणि आमच्यावर पडतो.

शेवाळी

मग आधी लाइट बदला, पेटी नंतर. बाहेर आलेली टोकं गेली की निम्मा त्रास जाईल. मॉस आणि अनुबियासला कमी जोराचा लाइट सहा-सात तास पुष्कळ झाला. शिवाय तुमच्या टँकला काचेचं झाकण आणि त्यावर टेकलेला लाइट चालेल. मोकळी जागाच उरणार नाही, मग झाकायचं काय?

खाली पांढरी वाळू असेल तर तीही विचारात घ्या. पांढरी वाळू उजेड वर आणि काचेतून बाहेर फेकते. काळी वाळू तो पिते. माशांचे रंगही काळ्यावर खुलतात.

कोपरखैरण्याहून

पांढरीच आहे. लाइट या रविवारी बदलतो, वाळू दिवाळीच्या साफसफाईत. धन्यवाद.

खारं पाणी

नेरूळहून. समुद्री टँक आहे, प्रवाळ. आमच्याकडचा लाइट निळा-जांभळा, ४२० ते ४६० नॅनोमीटरचा, कारण प्रवाळातली सूक्ष्म शैवाळं मुख्यतः त्यावर जगतात. गोड्या पाण्यातला ६,५०० केल्विनचा पांढरा उजेड हॉलभर पसरला तर निदान पांढरा दिसतो. आमचा पसरला की अख्खं घर जांभळं. समोरच्या बिल्डिंगमधून विचारणा झाली होती.

झोपेबद्दल एक मुद्दा राहिलाय. डोळ्यात दिवस-रात्र ओळखणाऱ्या काही पेशी असतात आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. रात्री तो उजेड डोळ्यांत गेला की मेलाटोनिन दबतं आणि झोप लांबते. म्हणून रात्री बघायला निळा 'मूनलाइट' ठेवतात तो मला पटत नाही. कोलशेतकर, तुमच्या लाइटला रंग वेगळे करता येत असतील तर साडेआठनंतर निळा पूर्ण बंद करून लाल-पांढरा थोडा ठेवा. आणि झोपायच्या वेळी पूर्ण काळोख, माशांसाठीसुद्धा.

झालर मीही केली आहे, पण प्रवाळाला लाइट पसरट लागतो म्हणून फक्त सोफ्याच्या बाजूला. चारही बाजूंनी हवीच असं नाही.

उन्हाची तिरीप

मास्तर, तरंगत्या झाडांचं माझं म्हणणं मागे घेते. पण माझा प्रश्न वेगळा आहे, विचारू का? घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. टँक टीव्हीच्या बरोबर समोर. संध्याकाळी टीव्हीत अर्धा स्क्रीन मासेच. दिवा झाकला तरी टँक दिसणारच ना?

नौपाड्याचे मास्तर

दिसणार. टीव्ही बंद असताना सोफ्यावर बसून बघा, तो काळा आरसाच आहे. टँक त्यात जिथे दिसतो तिथे दिसणारच. टीव्ही भिंतीच्या आर्मवर असेल तर दोन-चार अंश फिरवून बघा, प्रतिबिंब दुप्पट कोनाने सरकतं, कधी तेवढ्यात निघून जातं. नाहीतर टीव्ही बघण्याच्या वेळी टँकचा दिवा मंद. टँक भरलेला असताना सरकवू नका. तीन फुटीत १९० लिटर मावतात, म्हणजे नुसतं पाणीच जवळपास १९० किलो.

उन्हाची तिरीप

आर्मवरच आहे. आज फिरवून बघते.

कोलशेतकर

रविवारी झालर केली. सनबोर्ड, बाहेरून काळा, आतून पांढरा, चारही बाजूंनी चार इंच. दुपारभर मुलगी आणि मी कापत होतो. लावली, संध्याकाळी दिवाणावर आडवा झालो, आणि झगझगाट गेला नव्हता.

ठिपके दिसेनात, पण त्यांच्या जागी एक लांब पांढरी ट्यूबलाइट दिसायला लागली. नीट बघितलं तर मागची पट्टी. तिची आतली पांढरी बाजू बरोबर दिवाणाकडे तोंड करून आहे आणि दिव्याचा सगळा उजेड तिच्यावर पडतोय. खूप वाईट वाटलं. बाबा म्हणाले, "अरे, पुष्कळ फरक आहे, राहू दे." पण मला ऐकायचं नव्हतं.

नौपाड्याचे मास्तर

चूक माझी. "आतून पांढरी ठेवा" म्हणालो ते पुढच्या पट्टीसाठी होतं, पण तसं स्पष्ट लिहिलं नाही. पुढच्या पट्टीची आतली बाजू दिवाणावरून दिसत नाही, ती पांढरी चालते. मागच्या पट्टीची आतली बाजू बाबांना दिसते, ती काळी हवी, आणि चकचकीत नको, मॅट. काळं चकचकीत असेल तर त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडेल. कडेच्या दोन पट्ट्यांचंही तसंच, जी हॉलच्या बाजूने दिसते ती काळी.

मागची पट्टी काढूनच टाकावी का, असाही विचार केला. पण ती नसेल तर मागची भिंत उजळेल. तुमची भिंत पांढरी असणार.

कोलशेतकर

ऑफ-व्हाइट आहे. काढत नाही मग. काळा मॅट कार्डपेपर आहे मुलीच्या शाळेच्या सामानात.

सुतारकाम

कार्डपेपर वाफेने आठ दिवसांत सुटेल. काळा मॅट व्हिनाइल लावा, फ्लेक्सवाल्याकडेच मिळेल. हेअर ड्रायरने जरा गरम करून दाबा, बुडबुडे राहत नाहीत.

खाडीकाठ

आणखी एक, काळजीपोटी सांगतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग धूसर होतं आणि समोरचा तिखट उजेड आतल्या आत पसरतो. आपल्याला जो उजेड चालतो तो त्यांना आंधळं करतो. माझ्या आईला रात्री समोरून गाडी आली की काही दिसत नसे, तपासलं तर मोतीबिंदू निघाला. बाबांचे डोळे तपासून बरेच दिवस झाले असतील तर एकदा दाखवा. झालर कराच, पण हेही करा.

कोलशेतकर

तीन वर्षं झाली तपासून. या शनिवारची वेळ घेतली. हे लिहिल्याबद्दल तुमचे खरंच आभार.

शेवाळी

छतावर पाण्याच्या लाटांचा उजेड हलतो का तुमच्याकडे? झालरीने तो जात नाही, तो पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन वर जातो. काही जण त्यासाठी फिल्टरचा पाइप खोल नेतात, म्हणजे पृष्ठभाग शांत राहतो. असं करू नका, निदान एप्रिल-मेमध्ये तरी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. आपल्याकडे मेमध्ये पाणी ३० च्या खाली येतच नाही. त्यात रात्री झाडंही प्राणवायू घेतात. पृष्ठभाग हलता राहू द्या.

कोलशेतकर

हलतो. पण बाबांना तो आवडतो. गावच्या विहिरीत दुपारी काठाच्या दगडांवर असाच हलायचा, म्हणतात. तो ठेवतोय.

कोपरखैरण्याहून

लाइट बदलला. दोन फुटी, कमी जोराचा, काचेच्या झाकणावर टेकलेला. काल रात्री धाकटा नऊला झोपला. नाहीतर साडेदहापर्यंत मासे मोजत बसायचा. पेटीची गरज पडली नाही.

उन्हाची तिरीप

टीव्ही जरासा खिडकीकडे फिरवला, मासे स्क्रीनवरून गेले. मास्तर, तुम्हाला नमस्कार.

कोलशेतकर

तीन आठवड्यांनी लिहितोय.

मॅट व्हिनाइल लावलं. पुढची पट्टी आतून पांढरी, बाकी तिन्ही काळ्या. दिवाणावरून आता दिवा कुठे आहे ते सांगता येत नाही, फक्त टँक दिसतो. पूर्ण उजेड दीड ते साडेआठ, मग उतरत दहा टक्के, निळा बंद, दहाला काळोख. टँकमागे जमिनीवर एक पिवळा छोटा दिवा ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे मी येतो तेव्हा हॉल अगदी काळा नसतो आणि टँकही डोळ्यांत खुपत नाही. मी टँकसमोरून उठलो की बायको तोही बंद करते.

पुढच्या गालिच्यात फरक नाही. काचेवरचे हिरवे ठिपके खूप कमी झाले, मागच्या रविवारी ब्लेड लागलंच नाही. एक कबूल करायला हवं, रोटालाची वरची टोकं पूर्वी जेवढी लाल व्हायची तेवढी आता होत नाहीत. शेवाळी, त्यासाठी दुपारचा जोर थोडा वाढवून बघू का? घरात तेव्हा बाबा एकटेच असतात आणि खिडकीतून ऊन येतच असतं.

डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले सध्या नुसती नजर ठेवू, सहा महिन्यांनी परत या.

काल घरी यायला पावणेदहा झाले. हॉलमध्ये पाऊल न वाजवता शिरलो. पंचा खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. उशी पंख्याखाली, पूर्वीच्या जागी. बाबा टँककडे तोंड करून झोपले होते.

शेवाळी

दुपारी दोन ते पाच दहा टक्के वाढवा. दोन आठवडे काचेवर लक्ष ठेवा, ठिपके परत दिसले तर खाली आणा. टोकांचा फोटो टाका इथे.